परवान्याचे छोटे पिस्तूल पारखताना

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सैन्यातून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. त्यामुळे शस्त्रपरवाना असलेली घरे इकडे नवलाची नाहीत, आणि वडिलांचे किंवा आजोबांचे पिस्तूल परवान्यासह पुढच्या पिढीच्या नावावर होण्याचे प्रसंगही येतात. मी नोकरीत असताना शस्त्रदुरुस्तीच्या खात्यात आर्मरर होतो, म्हणून ओळखीचे लोक 'हे घ्यावे का' किंवा 'हे चालते का' असे विचारायला अजूनही येतात. त्यांना जे सांगतो तेच येथे क्रमाने लिहीत आहे. माझे सांगणे मुख्यतः एकाच मुद्द्याभोवती फिरते. पिस्तूल लहान करताना रचनाकाराने जे मिलिमीटर वाचवलेले असतात, त्यांची किंमत त्याने त्याच पिस्तुलात दुसरीकडे कुठेतरी मोजलेली असते. ती कुठे मोजली आहे हे हात लावून ओळखता आले, म्हणजे पारख जमली.

कागदांचे आधी पाहावे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. जुने पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाकडून घ्यायचे असेल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. 'आज बघू, आज नेऊ' हा व्यवहार येथे चालत नाही, आणि तसा आग्रह करणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. परवान्यावर, पिस्तुलाच्या फ्रेमवर (मूठ असलेला मूळ सांगाडा) आणि स्लाइडवर (त्यावर मागेपुढे सरकणारा वरचा भाग) जिथे जिथे क्रमांक असेल, तो भिंग घेऊन अक्षर अन् अक्षर जुळवून पाहावा. घासलेला क्रमांक दिसला, तर तिथेच थांबावे.

पिस्तूल हातात आले की सर्वप्रथम ते रिकामे करावे. समोरच्याने 'रिकामे आहे' असे सांगितले तरीही करावे, आणि त्याच्यादेखत करावे. नळीचे तोंड जमिनीकडे किंवा भक्कम भिंतीकडे असावे आणि बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, फ्रेमला टेकलेले असावे. आधी मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काढून बाजूला ठेवावे आणि त्यानंतरच स्लाइड पूर्ण मागे ओढून धरावी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढले, तर चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतले) काडतूस बाहेर पडताना दिसते आणि मन निर्धास्त होते. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलून गेलेली असते. रिकाम्या समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्याच्या अपघातांमागे हा उलटा क्रम फार वेळा असतो. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीचे टोक आत घालून चाचपावे. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात काडतुसाची पितळी पुंगळी आणि चेंबरची सावली यांतला फरक डोळ्याला कळत नाही, करंगळीला कळतो.

आता बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचे माप. आपल्याकडे ९ मिलिमीटर पॅराबेलम हे प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हाती छोटे पिस्तूल येते ते बहुतेक ०.३२ बोअरचे. याच काडतुसाला युरोपात ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग म्हणतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन रचनाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बेल्जियममधील कारखान्यासाठी बनवले. पश्चिम बंगालमधील इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'अशनी' हे पिस्तूल याच काडतुसाचे आहे. मात्र कानपूरचे ०.३२ रिव्हॉल्व्हर वेगळे, अधिक लांब काडतूस घेते. दोन्हींना लोक 'बत्तीस' म्हणतात आणि घोटाळा तेथेच होतो. दुकानात नुसते 'बत्तीसची द्या' म्हणू नये. पिस्तुलाची की रिव्हॉल्व्हरची हे सांगून घ्यावे आणि डबीवरचे नाव वाचावे. एका शस्त्राचे काडतूस दुसऱ्यात 'बसते का बघू' हा प्रयोग कधीही करू नये.

०.३२ च्या पिस्तुलाची रचना सोपी का असते, हे समजले की पुढची बरीच तपासणी आपोआप समजते. या काडतुसाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. स्लाइड पाव किलोची धरली, तर ती गोळीच्या पन्नासपटीहून जड आहे. बारूद पेटल्यावर गोळी पुढे आणि पुंगळी मागे ढकलली जाते, पुंगळी स्लाइडला ढकलते. परंतु वजनाच्या या फरकामुळे गोळी साडेआठ सेंटिमीटरची नळी ओलांडून बाहेर पडेपर्यंत स्लाइड जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. तोपर्यंत पुंगळीची भिंत चेंबरच्या आतच असल्याने ती फाटत नाही. कुलूप नाही, कडी नाही. स्लाइडचे वजन आणि तिच्या पुढची स्प्रिंग एवढ्यावरच सारे काम भागते. या पद्धतीला ब्लोबॅक म्हणतात. ९ मिलिमीटरच्या गोळीचा रेटा याच्या दुपटीहून अधिक असतो, म्हणून तिथे स्लाइड तितकीच जड करावी लागेल, नाही तर नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवणारी कुलपाची रचना द्यावी लागेल. सैन्यातल्या ९ मिलिमीटर ऑटो पिस्तुलात ही दुसरी रचना आहे. त्यात नळी थोडी मागे येऊन खाली झुकते आणि मगच स्लाइड सुटते.

ब्लोबॅकचा मोठा फायदा असा की नळी फ्रेममध्ये पक्की बसवता येते. हलणारे भाग कमी होतात, आणि स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली तर खाली वेगळी जागा लागत नाही, त्यामुळे पिस्तूल बुटके होते. जर्मनीतील वाल्थर कारखान्याने १९२९ साली पीपी आणि त्यानंतर लगेचच त्याहून लहान पीपीके बाजारात आणले, त्यांची रचना नेमकी हीच. सैन्यातले ९ मिलिमीटरचे पिस्तूल सुमारे वीस सेंटिमीटर लांब आणि नऊशे ग्रॅमच्या आसपास भरते. पीपीके साडेपंधरा सेंटिमीटरचे आणि सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. खिशात किंवा कमरेला हा फरक फार मोठा वाटतो.

या फायद्याची किंमत पहिल्यांदा द्यावी लागते ती स्प्रिंगमध्ये. कुलूप नसल्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि लहान स्लाइडला पकडायला जागाही कमी असते. म्हणून पारखताना स्लाइड सावकाश, पूर्ण मागे ओढून पाहावी. ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी वाढत जायला हवी. मध्येच खरखर लागली, तर आत गंज किंवा वाळू आहे. शेवटच्या टप्प्यात धातूवर धातू आदळल्यासारखे वाटले, तर स्प्रिंग मरगळलेली आहे. पुढे सोडताना स्लाइड हाताने धरून सावकाश नेऊ नये. पुढे जाण्याची तिची ताकदच तर आपल्याला पाहायची असते. साठी ओलांडलेल्या किंवा बोटांत संधिवात असलेल्या माणसाला हे लहान पिस्तूल मोठ्यापेक्षा जड जाते. 'लहान आहे, म्हणजे सोपे असेल' हा समज चुकीचा आहे.

दुसरी किंमत सेफ्टीच्या, म्हणजे गोळी सुटू न देणाऱ्या कळीच्या, जागी आहे, आणि आपल्या भागातल्या माजी सैनिकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. सैन्यातल्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची सेफ्टी फ्रेमवर असते; अंगठ्याने ती वर केली की शस्त्र सुरक्षित होते, खाली केली की चालायला तयार. वाल्थरच्या घराण्यातल्या पिस्तुलांची सेफ्टी स्लाइडवर असते आणि तिचे काम बरोबर उलटे चालते: खाली म्हणजे सुरक्षित, वर म्हणजे तयार. वीस वर्षे एकाच सवयीचा अंगठा असलेला माणूस पेन्शनीत दुसऱ्या रचनेचे पिस्तूल घेतो, तेव्हा डोक्याला नवा नियम पाठ झालेला असतो, अंगठ्याला मात्र जुनाच आठवतो. मी स्वतः रिकाम्या पिस्तुलावर ही चूक एका संध्याकाळी तीनदा केली आहे, आणि तेही समोरच्याला समजावून सांगत असताना. म्हणून घेण्यापूर्वी लाल ठिपका कोणत्या स्थितीत दिसतो ते पाहावे. तो दिसत असेल तर शस्त्र चालायला तयार आहे, अशी सर्वसाधारण खूण असते. घरात दोन शस्त्रे असतील तर दोन्हींची सेफ्टी एकाच दिशेची असावी, हे माझे ठाम मत आहे.

वाल्थरच्या सेफ्टीला आणखी एक काम दिलेले आहे. हॅमर, म्हणजे ठोका देणारा हातोडा, मागे ताणलेला असताना ती खाली केली तर हॅमर आपोआप सुटतो, पण फायरिंग पिनपर्यंत (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईपर्यंत) पोहोचण्याआधी मध्ये आलेला पोलादी भाग त्याला अडवतो. ही सोय उत्तमच आहे, परंतु हे पिस्तूल ऐंशी-नव्वद वर्षांचे असू शकते आणि तो पोलादी भागही तेवढाच जुना असतो. तेव्हा ही क्रिया तपासायची ती चेंबर आणि मॅगझीन दोन्ही रिकामी असतानाच. येथे एक शब्दाचा घोळही सांगून ठेवतो. आपण मराठीत 'घोडा' हा शब्द हॅमरलाही वापरतो आणि 'घोडा दाबला' म्हणताना ट्रिगरलाही. पिस्तुलाविषयी बोलताना एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरे समजणे परवडत नाही, म्हणून मी हॅमर आणि ट्रिगर हेच शब्द वापरतो.

हॅमर खाली असतानाही नुसता ट्रिगर ओढून तो मागे जातो आणि सुटतो, या सोयीला डबल अॅक्शन म्हणतात. पीपीकेमध्ये ही पहिली ओढ सहा किलोच्या आसपास जाते. त्यानंतर स्लाइड दर वेळी हॅमर मागे ठेवत असल्याने पुढची ओढ त्याच्या निम्म्यावर येते. रिकाम्या पिस्तुलावर दोन्ही ओढी घेऊन पाहाव्यात, मात्र हे दोन-चार वेळाच करावे, कारण जुन्या फायरिंग पिनला रिकामे ठोके मानवत नाहीत. हॅमर मागे ठेवून अंगठ्याने त्याला मागून पुढे हलका रेटा द्यावा. ट्रिगरला हात न लावता तो सुटला, तर आतला खाचा झिजला आहे आणि ते पिस्तूल घेण्यालायक नाही. हॅमर दिसतच नसेल, तर तो आत झाकलेला असतो किंवा त्याच्या जागी स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगने सरळ पुढे धावून ठोका देणारा दांडा, असतो. कोल्टच्या १९०३ च्या छोट्या पिस्तुलाला लोक 'हॅमरलेस' म्हणतात, पण त्याचा हॅमर स्लाइडखाली दडलेला आहे. नावावरून रचना ओळखू नये, ते याचसाठी.

बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे १९१० चे मॉडेल याच घराण्यातले. त्याला अंगठ्याची सेफ्टी, मुठीच्या मागच्या बाजूला दाबली जाणारी सेफ्टी आणि मॅगझीन काढले की ट्रिगर निकामी करणारी सेफ्टी, अशा तिन्ही आहेत. यातल्या तिसरीवर विसंबणारे लोक पाहिले की मला काळजी वाटते, कारण मॅगझीन काढल्यावर चेंबरमधले काडतूस काही नाहीसे होत नाही. या पिस्तुलाची स्प्रिंग नळीभोवती असते आणि नळीच्या तोंडाशी एक फिरणारी टोपी तिला दाबून ठेवते. पहिल्यांदा ते उघडताना मी टोपी फिरवली आणि अंगठा क्षणभर सैल पडला. टोपी उडाली ती समोरच्या फडताळावरच्या हळदीकुंकवाच्या करंड्याला लागून खाली पडली. घरच्या मंडळींचे बोलणे आठवडाभर ऐकले. तेव्हापासून असे काम मी भिंतीकडे तोंड करून, जुन्या टॉवेलखाली हात ठेवून करतो, आणि तसेच करावे असे सुचवतो. वाल्थरमध्ये ट्रिगरचे कडे खाली ओढले की स्लाइड मागे घेऊन वर उचलता येते. सुटा पडणारा भाग जवळजवळ नाहीच.

मुठीचा अंदाज दुकानात उभे राहून चुकतो, बसूनही चुकतो. हात पुढे करून दोन्ही डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. लहान पिस्तुलाच्या मुठीवर बहुधा दोनच बोटे बसतात आणि करंगळी मॅगझीनच्या तळाखाली लोंबते. काही मॅगझीनच्या तळाला पुढे आलेला ओठ असतो, तो करंगळीसाठीच. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीवर चढत असेल, तर मागे येणारी स्लाइड ती चिरते. हे पीपीकेचे जुने दुखणे आहे, आणि जाड पंजाच्या माणसाने ते लक्षात घ्यावे. शेतात राबलेल्या हातांना पीपीसारखे थोडे मोठे पिस्तूलच बरे पडते, असा माझा अनुभव आहे. नेम धरण्यासाठीची पुढची साइट आणि मागची खाच यांतले अंतर कमी असल्याने चूकही मोठी दिसते. हे अंतर बारा सेंटिमीटर असेल, तर साइट एक मिलिमीटर सरकल्यावर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटरहून अधिक बाजूला जाते. सोळा सेंटिमीटर असेल, तर सहा सेंटिमीटरच्या आसपास.

मॅगझीन हे अर्धे पिस्तूल आहे. ते नुसते चकचकीत आहे का, हे पाहून भागत नाही. वरचे दोन्ही ओठ समांतर आणि सारख्या उंचीचे आहेत का, ते उजेडासमोर धरून पाहावे. एक ओठ किंचित उघडला असेल तर काडतूस नाक वर करून अडकते. ०.३२ च्या काडतुसाची मागची कड पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी रुसते. म्हणून प्रत्येक काडतूस खालच्याच्या किंचित पुढे ठेवून मग मागे सरकवत भरावे. जोडीला दुसरे मूळचे मॅगझीन मिळत असेल, तर त्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही. जुन्या विदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी जवळजवळ बंद आहे, त्यामुळे असे सुटे भाग शोधून सापडत नाहीत.

आपल्या भागातल्या पाण्याविषयी वेगळे लिहायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, त्यानंतर काही महिन्यांनी एका परिचिताने लोखंडी कपाटात ठेवलेले आपले पिस्तूल दाखवायला आणले. बाहेरून ते तेलाने चमकत होते, कारण पाणी ओसरल्यावर त्याने ते पुसून तेल लावले होते. मुठीवरच्या पट्ट्यांचा स्क्रू सोडला, तेव्हा आत पिवळट गाळाची एक पातळ वडी निघाली, मडक्याच्या खापरीसारखी वाळलेली, आणि तिच्याखाली मेनस्प्रिंगला (ठोक्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगला) गंजाने खड्डे पडले होते. पूर न पाहिलेल्या पिस्तुलाचीही मुठीची पट्टी काढूनच पाहावी. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडच्या पावसाळ्यात चामडी होल्स्टरमध्ये ठेवलेले पिस्तूलही हळूहळू असेच होते, कारण चामडे ओल धरते. होल्स्टर बाहेर नेण्यासाठी असावे, ठेवण्यासाठी नसावे. बाहेर नेतानाही ते पूर्ण झाकलेले असावे, असे शस्त्र नियम, २०१६ सांगतात. घरी ते तेलाच्या कापडात, कुलूपबंद कपाटात, काडतुसांपासून वेगळे ठेवावे. नळी साफ करताना चिंधी चेंबरच्या बाजूने घालावी आणि तेल इतकेच लावावे की बोटाला चकाकी दिसेल, थेंब दिसणार नाही.

दोष आढळला तर तो घरी कानस घेऊन दूर करू नये. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करता येते, आणि नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

एवढे सारे पार पडले की परवानगी असलेल्या रेंजवर थोडी काडतुसे चालवून पाहावीत. परवान्यावर मिळणारी काडतुसे मोजकी असतात, म्हणून आधी मॅगझीनमध्ये दोनच भरावीत, नंतर तीन, आणि शेवटी पूर्ण. शक्यतो खडकीच्या कारखान्याची 'केएफ' शिक्क्याची, अलीकडच्या सालाची काडतुसे वापरावीत. लक्ष्यावरच्या भोकांपेक्षा खाली पडलेल्या पुंगळ्या गोळा करून एका ओळीत उभ्या कराव्यात. प्रत्येकीच्या बुडावर फायरिंग पिनची खूण मध्यभागी आणि सारख्या खोलीची असावी. खूण एकीकडे सरकली असेल, तर पिन किंवा तिचे भोक झिजले आहे. उथळ असेल, तर स्प्रिंग थकली आहे. कडेवर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाचा बारीक ओरखडा दिसणे ठीक, पण कड फाटलेली दिसली तर नख तपासून घ्यावे. एखादी पुंगळी बुडाशी फुगलेली निघाली, तर तो दिवस तिथेच संपवून पिस्तूल आणि ती पुंगळी दोन्ही कारागिराच्या टेबलावर ठेवावीत.